टोणगा आणि तिसरी हाक

कार्तिक वद्य ५, मंगळवार

पहिली आली ती मोखाड्याची बहीण, सखू. एरवी माझ्या दुखण्याखुपण्याला तिला वाट सापडत नाही, बैल मोकळे नसतात, सून अडलेली असते. कुत्रा बघायला मात्र काल पायी निघून, जव्हारात मुक्काम करून, आज सकाळी दारात. चप्पल काढायच्या आधीच ओरडली, "अगो बाय, हा कुत्रा हाय का रेडकू?" तिच्यामागं पाटलीण आली. मग काय, दुपारपर्यंत साखरशेतातल्या निम्म्या बाया माझ्या अंगणात. कुत्र्यानं कुणाला किंमत दिली नाही. पाटलिणीच्या नव्या पदराला तेवढी लाळ पुसली. मी इतकी खूश की कोऱ्या चहात गूळ जास्त पडला.

राजवाड्यावर दाईपण करत होते तेव्हा धाकट्या बाईसाहेबांच्या पाटीवरून चोरून उचललेली अक्षरं आहेत ही. वाकडी आहेत पण सुनेला वाचता येत नाहीत, हे एक बरं.

कुत्रा आहे लाकडाच्या ठेकेदार शेटचा. आणला हुसेनभाईनं. तो शेटच्या कुत्र्यांना खायला घालतो, माझी त्याची ओळख राजवाड्यापासूनची. दोरीला बांधून आणत होता, अर्ध्या वाटेत कुत्रा बसला तो उठेना, मग खांद्यावर घेतला. दारात ठेवून म्हणाला, "भाबी, जमादारानं याला बुडवायला सांगितलंय. सशावर सोडला तर सशाशेजारी बसून त्याला चाटत बसला. शिकारीला निकामी."

शेटच्या शिकारीवरचा जमादार म्हटल्यावर मी दोरी हुसेनभाईच्या हातातनं ओढूनच घेतली. त्या माणसाचं नाव माझ्या हातानं लिहायची नाही. ज. पुरे. ज.नं बुडवायचा तो मी वाढवायचा. आणि नुसता वाढवायचा नाही

सून हाक मारते. पेज उतू गेली.

कार्तिक वद्य ८, शुक्रवार

हुसेनभाईनं सांगितलेलं विसरायच्या आत. हे वाण सायबाच्या मुलखातलं. तिकडं डोंगरावर बर्फ पडतो, त्याखाली माणसं गाडली जातात, आणि ही कुत्री नाकानं हुडकून त्यांना उकरून काढतात. शेटला कुणा सायबानं जोडी भेट दिली, तिचं हे पिल्लू. बर्फ मी पाहिलाय. वाड्यावरच्या एका लग्नात भुशात गुंडाळून आणला होता. एक खडा मी चिमीच्या बापाला दाखवायला म्हणून कमरेला खोचला, तर थोड्या वेळानं लुगडं ओलं, आणि सगळ्या दासी तोंडाला पदर लावून हसतायत. असो.

म्हणजे माणूस हुडकणारं कुत्रं असतं. असतं! आणि ज. माझ्या तोंडावर म्हणाला होता, "कुत्रं माणूस शोधत नसतं डोकरे, शिकार शोधतं."

नाव टोणगा ठेवलं. दिवसभर म्हशींच्या डबक्यात बसतो, नाकच काय ते वर.

मार्गशीर्ष शुद्ध ४

खेळ चालू केला. चिमी म्हणजे माझी नात, सहा वर्षांची, जिभेला हाड नाही. तिच्या मुठीत सुका बोंबील द्यायचा, टोणग्याला मी धरून ठेवायचं, तिनं त्याच्यादेखत पळत जाऊन कणगीमागं लपायचं. मग सोडायचा. आज तीनदा सापडवली, तिसऱ्यांदा कणगीच आडवी केली. नागली सगळ्या ओटीवर. सून जनी म्हणाली, "आत्या, कुत्रा शिकतोय का घर मोडतोय?" मी म्हटलं, दोन्ही. मला इतकं हसू आलं की बसावं लागलं.

मार्गशीर्ष शुद्ध १०

जव्हारच्या बाजारात ज. दिसला. मिशा तेल लावून वर. मला बघून हात जोडले, म्हणतो, "काय डोकरे, ऐकलं तू कुत्रं पाळलंस. राखण करतं का?" मी म्हटलं, करतं. घरी येईपर्यंत दात आवळलेले.

एकदा लिहूनच टाकते म्हणजे पोटातलं कागदावर तरी येईल.

दोन पावसाळे झाले. आश्विनात माझा डोकरा, चिमीचा आजा, मधाला गेला तो आला नाही. गाव हुडकून थकलं. मग पाटलानं शेटकडं निरोप धाडला, ज. कुत्री घेऊन आला. आल्या आल्या सगळ्यांची तोंडं बंद केली. "कुणी हाका मारायच्या नाहीत, कुत्री बिथरतात." मलाही दटावलं. मग आपण दाभोशाच्या धबधब्याच्या खालच्या अंगाला, कड्यावरच्या मोठ्या कातळावर बसला आणि माझी कोंबडी, माझ्याच हातची, हाडं चोखून खाल्ली. उठून चार दिशांना हाका मारल्या. "ए डोकऱ्या!" दिशेला एक. कुत्री डुकरामागं गेली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, वाघानं नेला, आणि निघून गेला.

वाघानं नेला नव्हता. पुढं गुराख्यांना सापडला. त्याच कातळाच्या खाली, कपारीत. पाय मोडलेला, तो पागोट्यानं नीट बांधलेला. पोळं पिळून खाल्लेलं, मेणाचा गोळा करून बाजूला ठेवलेला, घरी न्यायला. ज.नं चोखून टाकलेलं हाड खाली पडलं असतं तर त्याच्या डोक्यावर पडलं असतं, इतकं जवळ.

आणि आमच्याकडं रानात पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. दुसऱ्याला पण नाही. रानात जे काही फिरत असतं ते एकदा हाक मारतं, फार तर दोनदा. तिसरी हाक माणसाचीच. हे दूध पितं पोर पण जाणतं. ज. घाटावरचा, त्याला कोण सांगणार, आणि सांगणाऱ्यांची तोंडं त्यानंच बंद केलेली.

म्हणजे चारांतली आपल्याकडं तोंड करून मारलेली एकच हाक डोकऱ्यानं ऐकली, बाकीच्या वारा भलतीकडं घेऊन गेला. आणि पुढच्या दोन हाकांची वाट बघत बसला.

चिमी आत्ता विचारत होती, आजी, आज्याचं नाव काय गं? मी म्हटलं, तुझा बाप लाकूड पोचवून आला की त्याला विचार. मी कशी घेऊ नाव.

पौष वद्य २

टोणगा लंगडतो. मला वाटलं एवढं धूड, बांधावरून उडी मारायला लावली. हुसेनभाईला बोलावलं, तो पाय चाचपून माझ्यावरच खेकसला. "भाबी, अंग मोठं झालं म्हणून हाडं पिकली का? दीड वर्षापर्यंत उडी नाय, कडा नाय, चढ हळू." ही थोरली वाणं उशिरा पिकतात म्हणे. गरम मिठाच्या पाण्यानं शेकतेय. शेकताना माझ्या मांडीवर डोकं ठेवून घोरतो. मांडीला मुंग्या येतात पण हलत नाही मी.

थांबीन. मला कसली घाई. ज. कुठं पळतोय.

माघ वद्य ७

पाय बरा. आता फडक्यावर आलोय. लपणाऱ्याच्या अंगचं फडकं हुंगवायचं, मग सोडायचा. घरात कुणाची चोळी जागेवर नाही. जनी चिडलेली, काल तिचं लुगडं पाटलिणीच्या वळचणीला सापडलं. पण काय सांगू! जनी पेंढ्याच्या उडवीत शिरली, वरून पेंढा ओढला, मला स्वतःला दिसेना. हा वाऱ्याच्या खालच्या अंगानं आला, नाक वर, दोन वळसे घेतले आणि उडवीत मुंडकं घातलं. आतून जनीचा आवाज, "आत्या, लाळ! सगळ्या केसांत लाळ!" आज सुनेनं आपण होऊन त्याला भाकरी घातली.

वाऱ्याच्या वरच्या अंगानं सोडला तर चुकतो. ध्यानात ठेवायचं.

चैत्र शुद्ध ११

आज खरं माणूस सापडवलं!!

वांगणीची एक म्हातारी पहाटे मोहाला गेली ती उन्हं उतरली तरी घरी नाही. तिचा मुलगा धावत आला, कुठून कळलं देव जाणे. तिची गोधडी हुंगवली. टोणगा दोन नाले ओलांडून सरळ गेला. मी मागं, दोरीला लोंबकळत. म्हातारी पाय मुरगळून झाडाखाली बसलेली. हा आनंदानं भुंकत तिच्या अंगावर. ती "वाघ! वाघ!" करत मुरगळल्या पायानं झाडावर. साठीच्या पुढची बाई! उतरवायला तिच्या मुलाला वर चढावं लागलं. वरून मलाच शिव्या, "कुणाची गे तू, वाघ पाळतेस?" नंतर मोह दिला ओंजळभर.

पण धडा मिळाला. भुंकायचं नाही. सापडलं की गप बसायचं, नाक माणसाकडं धरून. मी बोल म्हटल्यावरच भुंकायचं. उद्यापासून तेच.

श्रावण, तिथी ठाऊक नाही

कागद दमट, शाई फुटते. टोणगा "बोल" शिकला. न सांगता तोंड उघडत नाही. चिमी सांगते, आजी, तू पण शीक.

कार्तिक शुद्ध १३

नाक कापलं आज. माझं, टोणग्याचं नव्हे.

जव्हारजवळच्या पाड्यावरचा एक माणूस हरवला. आम्हाला बोलावलं. त्याचा सदरा आणून दिला, टोणग्यानं हुंगला, आणि निघाला तो थेट भगताच्या झोपडीत. भगतासमोर बसला, नाक त्याच्याकडं. एकदा नाही, दोनदा. सगळा पाडा बघतोय. भगत म्हणतो, मी कुठं हरवलोय? लोक हसून लोळले. माणूस रात्री आपला आपण घरी आला, प्यालेला.

घरी येऊन सदरा मी नाकाला लावला. लोबानाचा नुसता भपकारा. त्याच्या बायकोनं आधी सदरा भगताकडं नेलेला, त्यानं धुरावर धरून, हातानं चोळून, मंतरून दिलेला! टोणग्यानं दिलेला वास बरोबर काढला. पण हे ऐकतोय कोण. हे आमच्याच लोकांच्या डोक्यात येणार, आधी भगत मग कुत्रा.

ज.नं बाजारात गोष्ट रंगवून सांगितली म्हणे. "डोकरीचं कुत्रं भगत हुडकतं."

कार्तिक वद्य १

हुसेनभाई धापा टाकत आला. शेटच्या कानावर वांगणीची गोष्ट पण गेलीय आणि भगताची पण. शेट म्हणतो कुत्रा माझा आहे, कामाचा असेल तर बघू. ज. म्हणाला कामाचा नाही, गोळी घाला, धान्य वाचेल. मग ज.नंच पैज काढली. तो लपणार. साखरशेत ते दाभोशाची नदी, एवढ्या रानात कुठंही. दिवेलागणीच्या आत कुत्र्यानं हुडकला तर कुत्रा माझा, आणि पुढं कुठंही माणूस हरवलं तर पहिली हाक आम्हाला. नाही हुडकला तर कुत्रा त्याच्या ताब्यात. साक्षीला राजवाड्यावरचे एक कारकून, तात्या म्हणतात त्यांना.

जनी म्हणाली, "आत्या, नको म्हणा. नेऊन मारतील त्याला."

मी हो म्हणून पाठवलं. ज. आपण होऊन लपणार! देवा, असं कधी कुणाला मिळतं का.

मार्गशीर्ष शुद्ध ५

ज.च्या वासाचं फडकं मी भगताच्या सावलीला पण नेऊ देणार नाही. त्याचं मुंडासं हुसेनभाईनं दोन काड्यांनी उचललं, नव्या कोऱ्या मडक्यात टाकलं, वर पळसाची पानं बांधली. मडकं ओटीवर आहे. येता जाता मी त्याच्याकडं बघते. टोणगा पण बघतो.

पैज परवा.

मार्गशीर्ष शुद्ध ८

काल झाली. काल लिहिता आलं नाही. आज सगळं लिहिते, एकही गोष्ट गाळायची नाही.

सकाळी मडकं उघडलं, टोणग्यानं मुंडासं हुंगलं, शिंकला, निघाला. मी दोरी धरून. मागं जनी टोपली घेऊन, मग हुसेनभाई, सगळ्यात मागं तात्या कारकून, छत्री घेऊन. ऊन नाही पाऊस नाही, छत्री कशाला कोण जाणे. नाला ओलांडला, कारवीतून उतरलो. टोणगा चुकला नाही, थांबला नाही. आणि मला कळायला लागलं तो कुठं चाललाय. तोच कातळ. तीच कपार.

ज. डोकऱ्याच्या कपारीत लपला होता.

त्याला ठाऊक होतं ना, इथं माणूस सापडत नाही ते. आणि गाव तिकडं फिरकत नाही ते पण.

टोणगा कड्याच्या काठावर बसला. नाक खाली. गप्प, शिकवल्यासारखा. मी वाकून बघितलं. घोंगडी पांघरून, वर पाला ओढून बसलेला, मिशीचं टोक दिसत होतं. टोणग्याच्या तोंडातनं लाळेची तार सुटली ती लांब होत होत खाली पडली. ज. हलला नाही. मला वाटलं घोंगडीवर पडली असेल.

मला फक्त बोल म्हणायचं होतं.

मी नाही म्हटलं. टोणग्याला बोंबील दिला, त्याचं काम त्यानं केलं होतं, त्याचा हक्क. मग दोरी ओढून कातळावर परत आणला आणि कारकुनांना म्हटलं, इथं काय नाय. दम खाऊ.

टोपलीत कोंबडी होती. मी मुद्दाम करून आणलेली, तशीच, तेवढंच तिखट. कुठं खायची ते आदल्या दिवशी ठरलं नव्हतं. आता ठरलं. त्याच कातळावर बसून वाढली. वास खाली जात होता, वारा तसाच होता. तात्यांनी दोनदा घेतली. म्हणाले, "बाई, हात चांगला आहे तुमचा." मी म्हटलं, एकानं यापूर्वी पण खाल्लीय इथंच. मग उठून चार दिशांना हाक मारली. "ए जमादारा!" दिशेला एक. तो कसा ओ देणार? ओ दिली की जागा कळली, कुत्रा पोचला, पैज गेली. बस म्हटलं मनात. बस, मुंग्या चावू देत. इतकं सुख मला वाड्यावरच्या मिठाईनं पण झालं नव्हतं. खोटं कशाला लिहू.

मग आम्ही दुसऱ्या डोंगरावर गेलो, परत आलो. टोणगा सारखा त्या कडेकडं तोंड करून बसायचा. जनी कानाशी, "आत्या, तुम्हाला ठाऊक हाय ना? कुत्रा जाईल ना आपला!" मी म्हटलं, वेळ आहे अजून. हुसेनभाई बराच वेळ टोणग्याकडं बघत होता. हळूच म्हणाला, "भाबी, कुत्रा खोटं बोलत नाय. तुम्ही बोलताय." मी म्हटलं, तू कोंबडी खा.

उन्हं कलली. सूर्य डोंगराला टेकला आणि खालून हाक आली. "अरे कोन हाय का!"

सगळे थिजले. त्या कपारीतून! जनीनं माझा दंड धरला. तात्या कारकून, एवढे शिकलेले, त्यांची छत्री बंद होईना. कुणी ओ दिली नाही. मी काहीच केलं नाही, कुणाला गप्प पण केलं नाही. आमच्याकडं पहिल्या हाकेला ओ देतच नाहीत.

मग दुसरी. "अगो कुनीतरी या! पाय अडकला!" आवाज फाटलेला. जनी पुटपुटली, त्यांच्यासारखाच पाय म्हणतो. कुत्र्याचं नाक विसरून ती सासऱ्यांचंच भूत समजली. तात्यांनी हुसेनभाईला पलिता पेटवायला सांगितला, भीतीनं.

मग काही नाही. तिसरी येईना. त्याला कुठं ठाऊक तीन मारायच्या. घाटावरचा तो.

मी बसले होते. तिसऱ्या हाकेची वाट बघत. आणि बसल्या बसल्या असं झालं की डोकरा खाली असाच बसला असेल, असंच कान देऊन, आता येईल, आता येईल. दोरी हातातनं सुटली, टोणगा कडेला जाऊन बसला, नाक खाली. मी पण गेले. पोटावर पडून खाली बघितलं.

दगड सरकून पाय घोट्यापर्यंत रुतलेला. ज. वर बघत होता. "डोकरे! मानसं बोलाव!"

मी म्हटलं, "दोन हाका झाल्या. आमच्यात तिसरीला ओ देतात. मार."

"अगं बघतेस ना मला! इथंच हाय मी!"

"मार."

"कुनाला मारू?"

"ज्याला तवा एकदाच मारलीस, त्याला. नाव घेऊन मार."

मग म्हणतो, "नाव काय व्हतं त्याचं?"

मला वाटलं होतं मला राग येईल. राग आलाच नाही, नुसतं थंड वाटलं. जो माणूस हुडकायला आला होता त्याचं नाव त्यानं कधी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं. लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव माझ्या तोंडातनं कधी आलं नव्हतं. काल आलं. इथं लिहीत नाही, बोलले तेवढं पुरे.

ज.नं हाक मारली. नाव घेऊन, सगळा जोर लावून. समोरच्या कड्यावर आपटून नाव परत आलं.

मी ओ दिली.

मग टोणग्याला म्हटलं, बोल.

मार्गशीर्ष शुद्ध ९

काल लिहिता लिहिता झोप लागली. पुढचं.

हुसेनभाईनं पहारीनं दगड हलवला, ज.ला वर काढला. वर आल्या आल्या टोणगा त्याच्याशेजारी बसला आणि त्याचं तोंड चाटलं. सगळ्या मिशा खाली. जनीला हसू आवरेना, मलाही.

पण घोळ झालाय. तात्या म्हणतात, कुत्रा भुंकला तेव्हा पलिता पेटलेला होता. म्हणजे दिवेलागण झाली. हुसेनभाई म्हणतो, सूर्य बुडायचा होता, पलिता भीतीनं पेटवला, उजेडासाठी नाही. तात्या म्हणतात मी शेटना विचारतो. मी म्हटलं, टोणग्यानं दुपारीच हुडकला होता. तात्या माझ्याकडं चष्म्यावरून बघत राहिले. "बाई, दुपारी तुम्हीच म्हणालात, इथं काय नाय."

म्हटलं होतं. माझ्याच तोंडानं.

जनी दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. टोणग्याच्या गळ्यात पडून रडते आणि मला ऐकू जाईल असं म्हणते, "कोंबडी खायला पाहिजे होती ना, खा."

मार्गशीर्ष शुद्ध १२

झोप नाही. शेटची माणसं दोरी घेऊन आली तर? टोणग्याला मोखाड्याला सखूकडं पाठवावा असं मनात आलं. पण एवढं धूड लपवायचं कुठं, आणि सखूच्या पोटात काही राहत नाही.

पुन्हा तीच दुपार मिळाली तर बोल म्हणेन का? कितीदा स्वतःला विचारलं. नाही म्हणणार. कोंबडी आधी खाईन. मग फार तर थोडी लवकर उठेन.

मार्गशीर्ष शुद्ध १४, शुक्रवार

आज आले. तात्या कारकून, शेटचा मुनीम, आणि मागं काठी टेकत ज. पाय फडक्यात बांधलेला. तात्या आणि मुनीम ओटीवर बसले. ज. अंगणातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. जनीनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या आपटला, पण ठेवला.

मुनीम पलित्याचं विचारत होता, तात्या दुपारचं सांगत होते. मी काय बोलणार, माझं बोलून झालं होतं. एवढ्यात टोणगा उठला, अंगणात गेला आणि ज.च्या शेजारी बसला. नाक त्याच्याकडं. गप्प. अजून तोच सापडल्याचं सांगतोय बिचारा, मजुरी मिळाली तरी.

ज. त्याच्याकडं बघत राहिला. मग मला म्हणाला, एकटीला ऐकू जाईल असं, "डोकरे, त्या दुपारी पाऊस नव्हता."

मी म्हटलं, "नव्हता."

"माझ्या हातावर थेंब पडला." हाताची मागची बाजू पुढं केली, जसं काही अजून ओली आहे. "कोमट."

म्हणजे त्याला दुपारपासून ठाऊक होतं. कुत्रा वर बसलाय, मी वर आहे, सगळं ठाऊक. आणि तो पण गप्प बसला होता, पैजेपायी. मी वर, तो खाली, दोघं गप्प.

मी विचारलं, "हे ओटीवर सांगशील?"

टोणग्याच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्याच्या मनात होतं वाटतं, हात अर्ध्यात थांबला. मग काठी उचलून वाटेला लागला. वाकून गेला. आंब्यापाशी एकदा थांबला, मला वाटलं काही बोलेल, पण नुसता पाय सरळ करत होता.

सांगितलं तर टोणगा माझा, आणि जव्हारच्या बाजारात मिशा खाली. नाही सांगितलं तर

मुनीम म्हणाला, शेट स्वतः येतील, सगळ्यांदेखत जमादाराला विचारतील, तोवर कुत्रा इथंच राहू दे. जनीनं टोणग्याची दोरी सोडून टाकली. तात्यांनी जाताना कोंबडीची आठवण काढली. करीन म्हटलं. ज.ला पण वाढीन, कातळावर नाही, ओटीवर, आणि वाढताना त्याच्या तोंडाकडं बघीन.

सोमवारी येतो म्हणालेत.